डी. एन. रोडवर चार दिवस टेप धरून

दिवस पहिला, गुरुवार

आधीच सांगून टाकतो, मी काही हेरिटेजवाला माणूस नाही. नाशकात छोटीमोठी बांधकामाची कामं घेतो, सिमेंट, सळई, वाळू ह्यातच हयात चालली आहे. मामेबहीण मुंबईत जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते, तिला डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी रोडवरच्या एका बिल्डिंगच्या दर्शनी भागाचं मोजमाप करायचं होतं, दोन पोरं ऐनवेळी गळाली आणि मंगळवारी रात्री तिचा फोन आला, "तुला टेप धरता येते ना? मग ये चार दिवस." ताईला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. शिवाय माझाही थोडा स्वार्थ होता. आमच्या जुन्या वाड्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, गिलावा फुगतो, पडतो, आणि ह्या वेळी सगळं खरवडून पक्का सिमेंट गिलावा मारायचा असं ठरवून मी गोण्यांची ऑर्डरही देऊन आलो होतो. म्हटलं बघू ताई काय म्हणते. बघितलं. त्याचं पुढे सांगतो.

पंचवटीने सीएसएमटीला उतरलो. ह्या स्टेशनात मी किती वेळा उतरलो असेन देव जाणे पण दरवेळी मान खाली घालून टॅक्सी नाहीतर बस. ताई बाहेर उभीच होती, पहिलं वाक्य काय तर "वर बघ." बघितलं तर कमानींच्या कोपऱ्यांत दगडी पानांमध्ये मोर, माकडं, खारी बसलेल्या. म्हणे हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी केलंय. स्टेशन बांधलं एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने, 1878 ते 1888, दहा वर्षं, आणि नंतर समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, 1893 ची. म्हणजे एका माणसाने रस्त्याच्या दोन्ही बाजू धरल्या. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. स्टेशन 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, एवढं मात्र मला आधीपासून माहीत होतं, ताईसमोर तेवढाच माझा भाव.

तिचा नियम असा की एका बिल्डिंगला हात लावायच्या आधी अख्खा रस्ता चालायचा, आणि तोही समोरच्या फुटपाथवरून, कारण ज्या फुटपाथवर आपण असतो त्या बाजूचं आपल्याला काहीच दिसत नाही. मग उलटं क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेलो आणि तिथून फ्लोरा फाउंटनकडे निघालो. अंतर जेमतेम दीड किलोमीटर असेल, तीन तास लागले!

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, 1869 ची. दारावर दगडात कोरलेले शेतकरी, बाजाराचं दृश्य, ते लॉकवुड किपलिंगचं काम, हा जे. जे. मध्ये शिकवायचा. खाली मोसंबीवाला ओरडत होता त्यामुळे ताईचं निम्मं लेक्चर ऐकू आलं नाही. जे ऐकलं ते असं की 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने फोर्टचा तट पाडला, मग हा रस्ता रुंद झाला. तेव्हा नाव हॉर्नबी रोड, अठराव्या शतकातल्या एका गव्हर्नरच्या नावावरून. आता ज्यांच्या नावाने आहे ते दादाभाई फ्लोरा फाउंटनच्या टोकाला खुर्चीत बसलेत.

आता ह्या रस्त्याची खरी गंमत. 1896 मध्ये सरकारने नियम केला की इथे बांधायचं तर तळमजल्याला फुटपाथवर आर्केड सोडायची, म्हणजे कमानींची सलग ओवरी, पावसात-उन्हात माणसाला डोकं न भिजता चालता आलं पाहिजे. वर काय करायचं ते करा. मग वर कोणी गॉथिक टोकं काढली, कोणी ग्रीक खांब लावले, कोणी घुमट बसवला, प्रत्येकाची हौस वेगळी आणि ऐपतही वेगळी, पण खाली कमानीला कमान जोडत गेली आणि म्हणून हा नुसता इमारतींचा ढीग न वाटता रस्ता वाटतो. मला हे फार आवडलं. आमच्याकडे मार्जिन सोडा म्हटलं तरी लोक जिना बाहेर काढतात.

वाटेत पेटिट इन्स्टिट्यूट हे जुनं वाचनालय लागलं, 1898 ची इमारत, वरती टोकदार कमानींच्या खिडक्या, तिच्या दुरुस्तीला 2015 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा पुरस्कार मिळालाय. मेट्रो ३ चं भुयार ह्याच भागात खाली खणत होते तेव्हा हादऱ्यांच्या भीतीने ह्या इमारतीचं प्रकरण हायकोर्टात गेलं होतं. थोडं पुढे पारशांची वाच्छा अग्यारी, दाराशी पंखवाले बैल, तोंड माणसाचं, दाढीवाले. आत आपल्याला प्रवेश नाही, बाहेरूनच बघितलं. खादी भांडारची इमारत तर मी खादीचीच समजत होतो, ती मुळात व्हाइटअवे लेडलॉ नावाच्या इंग्रजी डिपार्टमेंट स्टोअरसाठी बांधलेली. साहेबाच्या कपड्यांच्या दुकानात खादी, ह्याहून चांगला सूड नाही.

संध्याकाळी पाय सुजले. ताईकडे पिठलं-भात खाऊन साडेनऊला आडवा.

दिवस दुसरा, शुक्रवार

आमची बिल्डिंग. नाव लिहीत नाही, मालक-भाडेकरूंची कोर्टकेस चालू आहे. चार मजले, खाली पाच कमानी, मालाडचा पिवळसर दगड, नक्षीला पोरबंदरचा. पोरबंदरचा दगड मऊ, करवतीने कापता येतो, म्हणून नक्षीला बरा पण झिजायलाही तोच पुढे.

सकाळी सातला पोचलो कारण दहानंतर फुटपाथ आपला राहत नाही. पहिला प्रॉब्लेम, मोजायचं कुठून? ताईबरोबरची विद्यार्थिनी जमिनीपासून मोजायला लागली, मी म्हटलं थांब बाई, फुटपाथला उतार आहे, पाचव्या कमानीपर्यंत जाशील तेव्हा सगळी उंची चुकलेली असेल. मग माझ्या पिशवीतली लेव्हल ट्यूब काढली, साधी पारदर्शक नळी, पाणी भरलेली, आणि पाचही खांबांवर खडूने एक आडवी रेघ मारून दिली, वरचं वर आणि खालचं खाली तिथून मोजायचं. ताई काही बोलली नाही पण चहा तिने पाजला.

लांबून पाचही कमानी एकसारख्या दिसतात. मोजल्या तर एकही दुसरीसारखी नाही! पहिली आठ फूट दोन इंच, तिसरी आठ फूट पाच, टोकाची तर आठालाही कमी. मला वाटलं माझी टेप सुटली, पुन्हा मोजली, तेच. ताई म्हणाली प्लॉटच तिरका आहे, बांधणाऱ्याने तो तिरकेपणा पाच कमानींत वाटून टाकलाय, म्हणून डोळ्याला कळत नाही. सव्वाशे वर्षं हजारो लोक खालून गेले असतील, कोणाला पत्ता नाही. त्या अनोळखी मिस्त्रीला मनातल्या मनात रामराम केला. मी असतो तर सगळा फरक शेवटच्या खांबात कोंबून वर टाइल लावली असती, हे प्रामाणिकपणे लिहितो.

दुपारी ठोकाठोकी. हातात छोटी लाकडी हातोडी, दगडावर हळू टकटक करायचं, टणक आवाज आला की दगड धड, भद्द आला की आत पोकळी. जिथे भद्द तिथे ड्रॉइंगवर लाल रेघा. तडा निळा, झाड हिरवं, सिमेंट काळं. चारपर्यंत कागद होळीला नेलेल्या पोरासारखा दिसायला लागला आणि त्यात सगळ्यात जास्त होता काळा.

आता हे सिमेंटचं प्रकरण, जे मला अजून टोचतंय. दुसऱ्या खांबाजवळ ताईने मला उकिडवं बसवलं, म्हणाली हात लाव. कधीतरी कोणीतरी दगडांच्या दरजा, म्हणजे दोन दगडांमधले सांधे, सिमेंटने भरलेल्या, नेहमीसारख्या, उठावाच्या, मीही अशाच भरतो. त्या दरजा जशाच्या तशा उभ्या होत्या, कडक, कोपरे धारदार. आणि मधला दगड आत गेलेला. बोटाचं पेर जाईल एवढा आत! सिमेंटची जाळी पुढे आणि दगडाच्या जागी खोबण, रिकाम्या पोळ्यासारखं. बोटाने नुसतं पुसलं तर पिठासारखी पूड आणि वरून पांढरा लोणा.

"हे कशाने?" मी विचारलं, जरी तोवर अंदाज आला होता.

"तूच सांग. भिंतीत पाणी शिरतंच, खालून ओल, वरून पाऊस. ते बाहेर कुठून जातं?"

चुन्याची दरज मऊ असते, तिला बारीक छिद्रं असतात, भिंतीतली ओल तिच्यातून बाहेर येते आणि वाळते. येताना क्षार आणते, ते दरजेत साठतात, दरज झिजते, पन्नास वर्षांनी ती खरवडून नवी भरायची, संपला विषय. म्हणजे दरज ही झिजण्यासाठीच असते, दगड वाचावा म्हणून. सिमेंट भरलं की ते दार बंद. मग पाणी दगडातून बाहेर यायला लागतं, क्षार दगडाच्या तोंडाशी गोठतात, फुगतात आणि खपली उडवतात. आपण ज्याला मजबुती समजतो ते सिमेंट टिकतंच, फक्त भिंत जाते.

मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. एक भेळवाला म्हणाला, साहेब काय हरवलं का?

मला आठवत होत्या जुन्या नाशकातल्या, मीच सिमेंट भरलेल्या चार भिंती. आमच्या वाड्याची पाचवी होणार होती.

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी गच्चीवर. इथे भाडेकरू काकांची भेट, वय ऐंशीच्या पुढे, दुसऱ्या मजल्यावर वडिलांच्या काळापासून ऑफिस. किल्ली त्यांच्याकडे. आम्ही मालकाची माणसं आहोत ह्या संशयाने आधी दहा मिनिटं चौकशी, मग चहा, मग सगळंच. भाडं सांगितलं तेव्हा मला वाटलं दिवसाचं सांगतायत. 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडं 1940 च्या पातळीवर गोठलं, म्हणजे मालकाला छप्पर नीट करायला परवडेना आणि भाडेकरू म्हणणार घर तुमचं, मी का करू? मधल्या मधे पाइप फुटतो तो फुटलेलाच राहतो. जो येतो तो बिचारा आपल्यापुरतं ठिगळ लावतो, कोणी सिमेंट, कोणी पत्रा, कोणी डांबर. काका म्हणाले, "आम्ही सगळे हिच्यावर जगलो, हिला कोणी जगवलं नाही." वर लगेच, "पण सोडणार नाही हां मी."

गच्चीवर कठड्याच्या सांध्यात पिंपळ, मनगटाएवढा. मी आपला कोयता शोधायला लागलो तर ताई ओरडली. वरून छाटला की खाली मुळी दुप्पट जोमाने फुटते आणि दगड अजून उचलते. हा पाचव्यांदा छाटलेला आहे, खोडावर पाच जखमा मोजून दाखवल्या. मूळ मारायचं, वाळू द्यायचं, मग दगड उतरवून मूळ काढायचं आणि चुन्यात पुन्हा बसवायचं. नुसतं उपटायला गेलात तर कठडा खाली फुटपाथवर येईल. फोटो, माप, हिरवा रंग, पुढे.

तिथेच एक सज्जा बघितला, खालून चांगला दिसणारा. आतला गर्डर गंजलेला. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला जागा जास्त लागते, आणि वरचा दगड चिरत जातो, जसं लाकडात पाचर मारावी. कारण काय तर पावसाच्या पाण्याचा फुटका पाइप, ओतीव लोखंडाचा, वर्षानुवर्षं तिथेच ठिबकतोय. एवढ्या सगळ्या नुकसानाच्या मुळाशी पाइप! ताईचं म्हणणं, लोक कोरीव मोराच्या चोचीसाठी पैसे द्यायला तयार असतात, पन्हळीसाठी कोणी देत नाही.

रात्री ताईच्या ओट्यावर प्रयोग. आतल्या बाजूने पडलेला मूळ चुन्याच्या दरजेचा बोराएवढा तुकडा आणला होता. तो कुटून काचेच्या बरणीत, वरून पातळ केलेलं ॲसिड. सोड्यासारखा फसफसला, चुना विरघळून गेला आणि तळाला राहिली वाळू, बारीक आणि जाड मिसळलेली, काही कण विटेच्या लाल भुग्याचे, म्हणजे सुरखी. आधी आणि नंतर वजन केलं की चुना किती, वाळू किती हे निघतं आणि तसाच माल पुन्हा बनवता येतो. नवऱ्याने येऊन विचारलं, ही बरणी लोणच्याची ना? ताईने उत्तर दिलं नाही.

मी विचारलं गूळ, मेथी, बेलफळ, गुग्गुळ घालायचे म्हणतात ते खरं का. खरं, म्हणाली, जागोजागी वेगवेगळं घालायचे, पण गूळ घातला की झालं हेरिटेज असं नसतं, मुळात चुना पाण्यात नीट विरवला पाहिजे, घाणीत, म्हणजे चुना मळायच्या दगडी घाण्यात, नीट मळला पाहिजे आणि लावल्यावर घाई नाही पाहिजे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू दगड होतो, आठवडे लागतात, आणि आज कोणाकडे आठवडे आहेत.

दिवस चौथा, रविवार

रविवारी डी. एन. रोड बघायचाच असतो. दुकानं बंद, फेरीवाले तुरळक, आर्केडमधून सरळ नजर टाकली तर एकामागे एक कमानी, शेवटी उजेडाचा ठिपका. गुरुवारी मी ह्याच जागेतून चाललो होतो, मोबाइल कव्हरं आणि गॉगलांच्या मधून, आणि डोक्यावर छत आहे हेही कळलं नव्हतं.

आजचं काम बोर्डाचं. तिसऱ्या कमानीवर आडवा प्लास्टिकचा बोर्ड, आतमध्ये ट्यूबलाइटवाला, अर्धी कमान झाकणारा, आणि दुकानदार काढायला तयार झाला होता, कारण तसाही तो पावसात शॉक मारायचा. दोन माणसं, शिडी, पाना. बोर्ड खाली आला आणि मागून एक कबुतराचं घरटं, तीस-चाळीस वायरी, आणि कमानीच्या ऐन मधला दगड, त्यावर पानांच्या झुपक्यातून बाहेर बघणारा चेहरा. नाक शाबूत, एक डोळा शाबूत, दुसऱ्या डोळ्यात बोल्ट.

कोणी काही बोललं नाही. मग दुकानदारच म्हणाला, "हा कोण आहे?"

बोल्ट काढायला दीड तास लागला. गंजून दगडात रुतलेला, ओढला तर डोळा गेला असता, म्हणून हॅकसॉ ब्लेडने पृष्ठभागाशी कापला आणि राहिलेला भाग नंतर सावकाश काढायचा असं ठरलं. दुकानदाराची शंका मात्र रास्त होती, "मॅडम, सुंदर आहे, पण गिऱ्हाइकाला मी दिसणार कसा?" ताईने मोबाइलवर जुने फोटो दाखवले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आभा नारायण लांबा ह्या संवर्धनाचं काम करणाऱ्या आर्किटेक्टने ह्याच रस्त्याचा अभ्यास करून बोर्डांची पद्धत बसवून दिली होती, बोर्ड कमानीच्या आत बसवायचा, खांब आणि नक्षी मोकळी ठेवायची. दुकानदारांना घेऊन केलेलं काम, त्याला 2004 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. त्याआधी 1995 च्या हेरिटेज नियमांत हा अख्खा रस्ता ग्रेड दोन-अ, म्हणजे जपायच्या वारशाच्या एका दर्जात, आलेलाच होता. पण यादीत नाव आलं म्हणून बोर्ड आपोआप खाली उतरत नाही, कोणीतरी शिडी लावून दुकानदाराच्या शंका ऐकायला लागतातच. ह्याने शेवटी विचारलं, अक्षरं पितळेची करू का? ताई म्हणाली करा. तो म्हणाला महाग पडेल. मग दोघं भावावर आले आणि मी लांब जाऊन उभा राहिलो.

दुपारी मोकळा झालो तेव्हा फ्लोरा फाउंटनपर्यंत एकटाच गेलो. 1864 चं कारंजं, पोर्टलंडचा दगड, आणि हे खरंतर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी केलेलं, आलं इथे. दुरुस्ती चालू असताना 2018 मध्ये आजूबाजूच्या डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले होते. ट्राम 1964 ला बंद, रूळ मात्र तिथेच, वर डांबर ओतत राहिलो आपण. शेजारी हुतात्मा स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. आजोबा सांगायचे संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टी, तिथे पाच मिनिटं नुसता थांबलो.

संध्याकाळच्या पंचवटीला ताई सोडायला आली. गाडी लागायला वेळ होता म्हणून बाकड्यावर बसून मी एकदाचं विचारलं, आमच्या भिंतीचं काय करू? तिने मोबाइलमधले फोटो मोठे करून बघितले आणि म्हणाली, "आधी वरची पन्हळ बघ. मग बाहेरची माती भिंतीला टेकलीय ती मोकळी कर. मग जुना गिलावा किती धड आहे ते ठोकून बघ, जो धड आहे त्याला हात लावू नकोस. आणि एक पावसाळा थांब."

"एक पावसाळा?"

"शंभर थांबलीय ना ती?"

कल्याणच्या पुढे नेटवर्क मिळालं तेव्हा आमच्या मिस्त्रीला फोन लावला. म्हटलं उद्याचं काम थांबव, भिंत खरवडायची नाही. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, मग म्हणतो, "भाऊ, अर्धी खरवडली की आज. रविवार होता, म्हटलं पुढे काढून ठेवू." कुठून सुरू केलं विचारलं तर म्हणाला उजवीकडून, म्हणजे पन्हळीखालची बाजू, जिथे तसाही गिलावा गेलेलाच होता. डावी अजून आहे. आणि सिमेंटच्या वीस गोण्या ओसरीत लागल्यात, दुकानवाला परत घेणार नाही म्हणतोय, एक गोणी फुटलीय.

म्हटलं राहू दे, मागच्या गोठ्याचा कोबा करू. आणि तो कोयता घेऊन तुळईवरच्या पिंपळाला हात लावू नकोस, मी आल्यावर बघतो.